दारापर्यंत सोडण्याचे दिवस

३ मार्च, सोमवार
सकाळी पाणीखात्याच्या अधिकाऱ्याला चारचौघांत झापलं. व्हिडिओ दुपारपर्यंत वॉर्डभर फिरला, कन्येच्या शाळेतही पोहोचला. संध्याकाळी तिने विचारलं, तुम्ही कायम असेच असता का. म्हटलं, ते कामाचं सोंग आहे, आत मी अतिशय मऊ आहे. बायको म्हणाली, तो आतला माणूस कधी बाहेर आला तर येताना दूध आणायला सांगा.
लागलं मनाला. शिवाय या महिन्यात तिकीट ठरणार. पुन्हा नगरसेवक व्हायचं तर लोकांना आतला मी दिसलाच पाहिजे. उद्यापासून सुरुवात.

४ मार्च
उद्यापासून. आज बजेटची सभा होती.

५ मार्च
पक्ष कार्यालयात गेलो होतो. आमचे अध्यक्ष कुणासाठी खुर्चीतून उठत नाहीत. आज उठले. जुन्या खजिनदारांना दारापर्यंत सोडायला गेले, पाठीवर हात ठेवला, गुडघ्याची चौकशी केली, तब्येतीला जपा म्हणाले. एवढा कडक माणूस, पण आतून किती प्रेमळ. माझे डोळे भरून आले. खजिनदारांचेही आले होते.
मला माझी पद्धत सापडली. यापुढे येईल त्याला दारापर्यंत सोडायचं.
(संध्याकाळी कळलं, खजिनदार बदलले. योगायोग.)

६ मार्च
पीएला थँक्यू म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिने हातातली फाईल खाली ठेवली आणि विचारलं, सर, माझं काही चुकलं का. छे, तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी, असं म्हणून निघताना तिला दारापर्यंत सोडलं. बिचारी गहिवरली. जिन्यातूनच कुणाला तरी फोन लावत होती. नवऱ्याला सांगायचं असणार.

७ मार्च
ड्रायव्हरवर ओरडलो. ओरडलो म्हणजे आवाज जरा मोठा झाला. त्याने गाडी चुकीच्या गल्लीत घातली तर माणूस काय करणार. गंमत म्हणजे सकाळी त्याला नमस्कार केल्यापासून तो चेहरा पाडून बसला होता, ओरडल्यावर खुलला. दिवसभर शीळ घालत होता. काही लोकांना चांगुलपणाची किंमतच नसते.

१० मार्च
मफलर आला. आमचा वॉर्डप्रमुख. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून हे नाव. मी राजकारणात आल्यापासून माझी पोस्टरं लावतोय आणि माझ्या शिव्या खातोय. आज शिवी दिली नाही, खुर्ची दिली. चक्क अहो-जाहो केलं. आईच्या ऑपरेशनची चौकशी केली. म्हटलं, थोडी विश्रांती घ्या, घरच्यांना वेळ द्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, दादा, मी कुठे कमी पडलो तेवढं सांगा. मी नुसता हसलो आणि खांद्यावर हात ठेवून त्याला थेट फाटकापर्यंत सोडलं. मफलर खुर्चीवरच विसरून गेला.
सवय नाही त्याला प्रेमाची. होईल.

१२ मार्च
मफलर फोन उचलत नाही. विश्रांती घेत असावा. नीट सांगितलं की लोक ऐकतात.

१३ मार्च
पाणीखात्याच्या अधिकाऱ्याची माफी मागितली. त्याने खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, कुठल्या पक्षात चाललात. विनोदी माणूस आहे.
मफलर म्हणे अध्यक्षांना भेटून आला. बराच वेळ माझ्याबद्दलच बोलला. म्हणजे माझ्यातला फरक वरपर्यंत पोहोचला.

१७ मार्च, सकाळ
अध्यक्षांनी बोलावलंय. तिकीटच. नवा शर्ट घातला.

त्याच दिवशी, दुपार
काय लिहू. अध्यक्ष उठले. माझ्यासाठी. चहाचा कप स्वतः पुढे केला, बीपीची चौकशी केली, कन्या कितवीत आहे ते विचारलं. तिकिटाचं बोलणं निघालं नाही, आणि एवढ्या आपुलकीत ते काढणं मलाच प्रशस्त वाटेना. खजिनदारांना नुसतं दारापर्यंत सोडलं होतं, मला लिफ्टपर्यंत. बटणही त्यांनीच दाबलं.
घरी आल्या आल्या सांगितलं. बायकोने ताट वाढायला घेतलं. मग म्हणाली, आधी जेवून घ्या.

१८ मार्च
तिकीट मफलरला.
पीएला फोन करून भयंकर ओरडलो. ती म्हणाली, सर, आता कुठे ऐकून बरं वाटलं. सगळं तिच्याकडूनच कळलं. मी एवढा गोड वागतोय म्हणजे पक्ष सोडणार, अशी अध्यक्षांची खात्री झाली होती. ती स्वतः पुढच्या महिन्यापासून मफलरकडे जातेय. मी दारापर्यंत सोडलं त्या दिवशी जिन्यातून त्यालाच फोन केला होता, कुठे नोकरी आहे का बघा म्हणून.
फार वाईट वाटलं. तिकिटाचं वाटलंच. पण मी एकदा नीट बोललो तर माझ्याच माणसांनी घाबरावं, याचं जास्त वाटलं.
मफलरचा मफलर अजून इथेच आहे. परत द्यायला हवा. कसा द्यावा कळत नाही.

१९ मार्च, सकाळ
घरीच. कन्या शाळेला निघाली. तिला दारापर्यंत सोडायला उठलो. बूट घालता घालता ती थांबली आणि म्हणाली, बाबा, मलाही काढलं का. चेष्टाच करत होती. म्हटलं, नाही गं.
ती खाली गेल्यावर टेबलावर डबा दिसला. गॅलरीत धावलो आणि सभेतला आवाज काढला. डबा राहिला, लक्ष कुठे असतं तुझं, रोज रोज काय सांगायचं. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. ती परत वर आली, माझ्या हातातून डबा ओढून घेतला, किती ओरडता म्हणाली आणि जिना उतरून पळाली.
थँक्यू म्हणाली नाही. जिवात जीव आला.
बायको आतून म्हणतेय, उठलाच आहात तर दूध आणा.