पळसाच्या डहाळीपलीकडचं गवत

बाबा, या वर्षी आमच्या पडितात गवत माझ्या गुडघ्याला लागलं. तुम्हाला सांगावं म्हणून नातीच्या जुन्या वहीची मागची पानं घेऊन बसलेय. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, दुसरीत शाळा सुटली, मग मी ढोरांमागेच गेले. पण मजाच अशी झाली की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या सासरी आता जिकडे बघावं तिकडे केळी. पार तापीच्या काठापासून रस्त्यापर्यंत. ढोरांना उरलं ते टेकडीखालचं एक पडीत, आणि तेही टकलं झालं होतं, नुसता ढोर तोंड लावत नाही तो तरोटा आणि कुसळं. लोक म्हणायचे, पाऊस कमी झाला. मी म्हणायची, पावसाला कशाला बोल लावता, आपली ढोरं रोज त्याच जागेवर जातात. काल खाल्लं तिथं कोवळं फुटलं की गाय आज परत तिथंच तोंड घालते, शेजारच्या जून गवताकडे बघतही नाही. मग मुळानं दम कधी घ्यायचा? हे सगळं तुमचं बोलणं, मी आपलं म्हणून सांगते. कोण विचारायला येतंय!

शेवटी आम्ही बायांनी मिळून पडीत बंद केलं, आणि तिथंच चुकलं. दोन वर्षं कुणाचं ढोर आत जाऊ दिलं नाही. मला वाटलं, आता बघा कसं हिरवंगार होतं. कशाचं काय! जुनं वाळलेलं गवत काळं पडून आडवं झालं, खाली ऊन पोचेना, नवा कोंब दिसेना. तेव्हा तुम्ही आठवलात. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही परातीतल्या पिठात बोटानं दोन रेघा ओढून तीन वाटे करताय आणि म्हणताय, "एकात चरायचं, दोन निजू द्यायचे. गवताला तोंडही लागतं आणि सुट्टीही लागते." आई म्हणते, "पडीत बाहेर आहे, माझ्या परातीत नाही!" मग आम्हीही तीन तुकडे केले, निजलेल्या तुकड्यांच्या कडेनं तुमच्यासारख्याच पळसाच्या डहाळ्या रोवल्या. डहाळी दिसली की ढोर वळवायचं, बस. आणि ते गोड मारवेल गवत परत आलं, बाबा! मी हातानं चाचपून बघितलं, नातीचे केस चाचपावे तसं.

आता मजा ऐका. भादव्यात एका सकाळी एका बंद तुकड्यात कुणाचं तरी ढोर शिरून चरून गेलेलं दिसलं. गावात एक एकटी बाई आहे, चार शेळ्यांवर तिचं घर चालतं. सगळ्या बाया तिच्यावरच तुटून पडल्या. "शेळ्यांशिवाय कोण? उद्यापासून हिच्या शेळ्या पडितात नकोत." ती बिचारी म्हणतेय, "माय वं, माझ्या शेळ्या बांधलेल्या होत्या!" कुणी ऐकेना. मी खाली बसले, गुडघे कडाकडा वाजले. शेळी शेंडे खुडते, आणि आधी बोरीच्या पाल्याला जाते. इथं बोर जशीच्या तशी, आणि गवताचे झुपके जिभेनं गुंडाळून ओढलेले, काही तर मुळासकट. मी म्हटलं, "शेळ्या नाहीत. गाय आहे." मागं वळून बघते तर माझी सून, पदराचं टोक दातात धरून उभी. तिच्याकडे बघितलं आणि समजले. माहेरी फोन लावून बसली असेल, चरायला नेलेली गाय मोकळी सोडून.

"गाय कुणाची?" एकीनं विचारलं.

"आमची," मी म्हटलं. "पंधरा दिवस आमची गाय पडितात येणार नाही. शेळ्या येतील."

"डहाळ्या तूच रोवल्या, आणि तुझीच गाय!" सगळ्या हसल्या. हसू दे. मी माझी काठी सुनेच्या हातात दिली, म्हटलं, "आता महिनाभर बंद तुकड्याची राखण तुझी." आणि काठी माझ्या हातून सुटली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं.

मी परकरी पोर होते, श्रावण होता. मैत्रिणीनं चिंचेला झोका बांधला होता, मी गाई सोडून तिकडे पळाले, आणि गाई बंद तुकड्यात. घरी येऊन सांगितलं, कुणाच्या तरी शेळ्या शिरल्या. तुम्ही पडितात उकिडवे बसलात, एक पातं बोटांत धरून किती वेळ बघत राहिलात. लोकांना म्हणालात, "शेळ्या नव्हत्या." पुढं एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी ही काठी माझ्या हातात दिलीत, "बंद तुकडा आता तू राखायचा." मी केवढी फुगले! चार भावंडांत मलाच मान दिला म्हणून. लग्नात भांड्यांबरोबर काठी आणली, सासू हसली तरी टाकली नाही. साठ वर्षं मिरवली, आणि ती शिक्षा होती होय! मी त्या गवतात बसून इतकी हसले की बायांना वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

सून आत्ताच विचारून गेली, "आत्याबाई, काय लिहिताय?" म्हटलं, किराण्याची यादी. हे कागद मी गव्हाच्या कोठीत घालणार, तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही, मग दुसरीकडे कुठं टाकू? शेळ्या नव्हत्या, बाबा, झोका होता. तुम्हाला ठाऊक होतं, पण मी सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. सुनेला मात्र अजून सांगितलं नाही. रोज संध्याकाळी काठी घेऊन येते आणि खाली मान घालून म्हणते, "तुमच्या हातून असं कधी झालं नसतं." मी आपला चहा पिते.