ताईचं गंगावन

प्रिय ताई,

हे पत्र ढोलवाले काका तुझ्या हातात देतील. त्यांच्या ढोलाचं कातडं बदलायचं होतं म्हणून ते तुमच्या बसने आले नाहीत, उद्या सकाळी निघतायत. पत्र मिळाल्याबरोबर वाच आणि एकटीच वाच. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि खोलीत तुम्ही पाचजणी. शिवाय फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू "हो रे बाबा, एवढं काय त्यात" म्हणून हसतेस, आणि तू हसलीस की पुढचं माझ्या तोंडून फुटत नाही. कागद हसत नाही. म्हणून आधी कच्चं लिहिलं आणि आता पक्कं करतोय.

मी रागावलोय. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण माझा राग तुला कधी ओळखू येत नाही. तुला वाटतं, याला भूक लागली असेल.

रविवारच्या दुपारच्या हॉटेलातल्या कार्यक्रमानंतर मला कोणीही कामाला बोलावलेलं नाही. तू दौऱ्यावर निघून गेलीस, तुला काय! पलीकडच्या डान्स क्लासच्या बाईंनी त्यांच्या मुलींचे केस करायला मला सांगून ठेवलं होतं, त्यांनी निरोप पाठवला की मुलींच्या आया जरा घाबरतायत. घाबरतायत म्हणे! जसा काही मी डोक्याला काडी लावतो. आपल्या डान्स ग्रुपमधल्या पोरींनी माझं नाव "केसगळती" ठेवलंय, हे तुला माहीत असेलच. परवा ढोलवाले काकासुद्धा चुकून म्हणाले, "ये रे केसगळती," आणि मग दिवसभर माझ्याशी जास्तच गोड बोलत राहिले. ते गोड बोलणं मला जास्त लागलं.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी लिहितो, म्हणजे माझं म्हणणं सुटून जायला नको. तुझा शेवटचा नाच होता, ढोलाची लय वाढली, तू गर्रकन फिरलीस, आणि कमरेपर्यंतचं ते गंगावन तुझ्या डोक्यावरून उडून पुढच्या टेबलावर सूपच्या भांड्याशेजारी जाऊन पडलं. तिथल्या बाई किंचाळल्या. त्यांना वाटलं, वरून मांजर पडलं. तू थांबली नाहीस, तशीच नाचत राहिलीस, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण नंतर मेकअपच्या खोलीत मॅडम, ग्रुप त्यांचाच ना, सगळ्यांसमोर माझ्यावर बरसल्या. "चार क्लिपा धड लावता येत नाहीत तुला? सख्ख्या बहिणीची अब्रू टेबलावर वाढलीस!" मी तुझ्याकडे बघत होतो. तू आरशासमोर बसून कानातले काढत होतीस. एक काढलंस, डबीत ठेवलंस, दुसऱ्याची फिरकी निघेना म्हणून मान वाकडी केलीस. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मला वाटलं, तूही चिडली आहेस, आणि मला इतकी शरम वाटली की मी पिनांचा डबासुद्धा तिथेच विसरून आलो.

आता मी ते कसं लावलं होतं ते ऐक. तुझे केस आता जेमतेम चार बोटं लांब. तेवढ्याशा केसांवर एवढा भार तोलायचा म्हणजे खेळ नाही. मी आधी मुळाशी केस उलटे विंचरून घेतले, त्यावर पिना एकमेकींना काट मारून बसवल्या आणि त्या बैठकीवर क्लिपा दाबल्या. प्रत्येक क्लिप मिटल्याचा टक् आवाज मी कानाने ऐकला. मग तुला मान हलवायला लावली, डोकं गुडघ्यापर्यंत खाली करायला लावलं, स्वतः खालून ओढून बघितलं. तू ओरडलीस, "अरे, माझं डोकं आहे, घंटा नाही!" म्हणजे पक्कं होतं. तरी मी घरी येऊन आधी स्वतःलाच दोष दिला. वाटलं, घाम आला असेल, हात नीट दाबला गेला नसेल. आई ताट वाढून बसली होती आणि मी रिकाम्या हवेत क्लिपा मिटून दाखवत होतो.

लांब केसांच्या बाबतीत मी मॅडमच्या बाजूचा होतो, हे तुला माहीत आहे. बेली डान्स म्हटला की केस लांब हवेत, असं लोकांच्या डोक्यात बसलंय आणि मॅडमना लोकांना तेच विकायचं असतं. मला तर ते सगळं आवडायचंच. ओढणीचा नाच असेल तर केस वर बांधायचे, नाहीतर रेशीम त्यात गुंततं. तलवार डोक्यावर तोलायची असेल तर टाळूवर सपाट आणि जरा खरखरीत ठेवायचे, तेलाचा थेंब नको. ढोलावरचा नाच असेल तर मोकळे, पण पुढच्या बटा मागे घेऊन, नाहीतर त्या ओठांच्या रंगाला चिकटतात आणि नाचणारीच्या तोंडात केस जातात. लांबी कमरेच्या मणी लावलेल्या पट्ट्याच्या चार बोटं वरच थांबली पाहिजे, नाहीतर मण्यांत अडकते. हे मला कोणी शिकवलं नाही. शाळा आठवीतच सुटली, पण तुझी वेणी त्याच्याही आधीपासून माझ्या हातात होती. आई पहाटे कामावर जायची, तू आरशासमोर खुर्चीत बसायचीस आणि मी मागे स्टुलावर उभा राहून भांग पाडायचो. भांग वाकडा झाला की तू कोपराने ढोसायचीस. माझं सगळं शिक्षण तुझ्या पाठीमागे उभं राहून झालंय.

आणि ते केस तू कुठे कापलेस? कोपऱ्यावरच्या दाढी करणाऱ्या न्हाव्याकडे! जो माणसं खुर्चीत बसवून गिऱ्हाइकाशी कमी आणि टीव्हीशी जास्त बोलतो, त्याच्याकडे! घरात सख्खा भाऊ कात्री घेऊन बसलेला असताना. मला आधी एक शब्द नाही. संध्याकाळी दारात उभी राहिलीस तर डाव्या कानाखाली एक झुपका लोंबत होता आणि उजवीकडे टाळू दिसत होती. मी तासभर बसून ते सारखं केलं आणि तू मिटल्या डोळ्यांनी म्हणालीस, "उकडत होतं रे." मी मनात म्हटलं, उकडतं म्हणून माणूस पंखा लावतो. मला वाटलं, मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं. ते खरंच आहे. मी नाहीच म्हटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी फर्मान काढलं की केस वाढेपर्यंत गंगावन. पोस्टरवर तुझा लांब केसांचा फोटो आहे, लोक तो बघून येतात. तू "बरं" म्हणालीस. फक्त "बरं". त्यावर कधी कुरकुर नाही, भांडण नाही. तू एवढी शहाणी कधीपासून झालीस, याचाच मला संशय यायला हवा होता.

आता मूळ मुद्दा. ते गंगावन वेटरने मला पिशवीत घालून दिलं होतं. सोमवारी ते धुवायला काढलं आणि जेवणाच्या टेबलावर पसरून क्लिपा तपासल्या. क्लिप जेव्हा घसरते ना ताई, तेव्हा ती मिटलेलीच घसरते आणि जाताना केस ओरबाडून नेते. तिच्या दातांत ते अडकलेले सापडतात. इथे सगळ्या क्लिपा उघड्या होत्या आणि तुझा एकही केस कुठल्याच दातात नव्हता. एखादी आपोआप उघडेल. सगळ्या नाही. मग मला आठवलं, त्या गिरकीच्या आधी तू दोन्ही हात मानेमागे नेऊन हळूच वर खाली केले होतेस, कोपरं पंखांसारखी बाहेर काढून. मी पडद्याआडून बघत होतो. मला वाटलं, नवीन काहीतरी बसवलंय, आणि खोटं कशाला सांगू, मला ते फार छान वाटलं होतं. तू तेव्हा क्लिपा उघडत होतीस.

मी आईला दाखवलं. आई म्हणाली, "मग तिला विचार." मी म्हटलं, तिने आपणहून सांगायला नको? तर म्हणते, "ती नाही बोलली तर तिचं काहीतरी असेल." म्हणजे तिचं काहीतरी असतं आणि माझं काहीच नसतं! तू ते काढून फेकणार होतीस तर मला आधी कानात सांगायचंस. मी ढिल्या क्लिपा लावल्या असत्या, तुला एवढी कसरत पडली नसती. किंवा नंतर मॅडमना सांगायचंस. किंवा निदान घरी आल्यावर, भांडी घासताना, तोंड फिरवून का होईना. मी चार दिवस माझ्या हातांकडे बघत बसलोय. या हातांशिवाय माझ्याकडे दुसरं काय आहे? आणि तुला ठाऊक होतं की हात बरोबर होते.

तरी एक गोष्ट लिहिली नाही तर हे पत्र अर्धं खोटं होईल. गंगावन पडल्यावर तू उरलेला नाच केलास, तो मी बघितला. आजवर मी तुझा नाच कधी बघितलाच नव्हता. मी केस बघायचो. कुठली पिन हलतेय, कुठली बट सुटतेय, पुढच्या गिरकीला टिकेल का. त्या दिवशी बघायला केसच उरले नाहीत. तुझी पाठ दिसली. ढोलाचा ठोका खांद्याच्या पात्यातून उतरून मणक्यावरून कमरेत कसा जातो, तो मधेच कुठे थांबतो, पोटात कसा वळतो, सगळं उघडं दिसलं. काकांनी लय मुद्दाम उतरवली आणि तू मान नुसती एका बाजूला वळवलीस, तर समोरच्या टेबलावर चमचे थांबले. मांजरवाल्या बाईंचेसुद्धा. इतकी वर्षं हे सगळं मीच रोज विंचरून विंचरून झाकत होतो. तू केस का कापलेस, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मी मात्र माझी नोकरी गेली याचाच हिशेब करत होतो.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल दुपारी मॅडम आपल्या घरी आल्या. आईने खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या एकदम गोड होत्या. म्हणाल्या, झालं गेलं विसर, तुला परत घेते, परवा माझ्याबरोबर चल, दौऱ्यातला शनिवारचा मोठा कार्यक्रम तूच सांभाळ. फक्त या वेळी क्लिपा नकोत. तिच्या केसांच्या डोक्यालगत बारीक वेण्या घाल आणि गंगावन त्यांवर सुईदोऱ्याने शिवून टाक. मला ते काम येतं. असं शिवलेलं महिना महिना राहतं आणि जिच्या डोक्यावर असतं तिला स्वतःचं स्वतः काढता येत नाही, मागचे टाके दिसत नाहीत, दुसऱ्याच्याच हाताने उसवावे लागतात. मी म्हटलं, मॅडम, एवढं कशाला, क्लिपा पक्क्या लावतो. तर त्या शांतपणे म्हणाल्या, "क्लिपा तुझ्या पक्क्याच होत्या. मला दिसलं होतं ती काय करतेय ते. तुला ओरडले ते तिला ऐकू जावं म्हणून." ताई, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आणि तू त्यांच्यासमोर बसून कानातले काढत होतीस. मी नाही म्हणालो. त्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, शिवणाऱ्या बायका पुष्कळ मिळतात. त्यांच्याबरोबर एक बाई येतेय. तुला सांगतील की भाऊ आजारी आहे, ही नवी पद्धत आहे, दुखत नाही, आणि तू नेहमीसारखं "बरं" म्हणशील. म्हणू नकोस. तोंडाने बोल, सगळ्या पोरींसमोर बोल, की मला माझ्या आखूड केसांनी नाचायचंय. त्यांनी काढून टाकलं तर दोघं मिळून काहीतरी बघू, मी तसाही घरीच आहे. पण जे काही बोलायचं ते खुर्चीत बसण्याआधी बोल. एकदा डोकं दुसऱ्याच्या हातात दिलं की माणसाला हलता येत नाही, आणि हे मला कळतं, कारण "मान हलवू नकोस" हे वाक्य या घरात सगळ्यात जास्त वेळा मीच तुला म्हटलंय.

राग अजून गेलेला नाही, तरी तुझाच,
धाकटा