लाल कोटवाली बाई

गुरुवार, जानेवारी २००३

तो लाल कोट अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

प्रिन्सिपॉल सरांचा हुकूम: लॅबमधल्या वीसच्या वीस कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद करा, पोरं प्रॅक्टिकल सोडून चॅटिंग करतात. करतात, खरंय. आणि मी काय करते? सात नंबरवर परदेशातल्या कुठल्याशा गल्लीतला इंटरनेटवर दिसणारा कॅमेरा लावून बसते. मिनिटाला नवं चित्र, सारखा बर्फ. झाडायला येणाऱ्या शांतामावशीही रोज तिथंच रेंगाळतात.

सात नंबर सगळ्यात शेवटी बंद केला. चित्र होतं तसं थांबलं. लाल कोटवाली बाई, एक पाय दाराच्या पायरीवर.

"मॅडम, ती आत का जाईना?"

"नेट बंद केलंय, मावशी. आता ती हलायची नाही."

"आवो, बर्फात उभी हाय की! तिला तशी ठेवून घरला कसं जायचं?"

हसू यायला हवं होतं. आलं नाही. गुपचूप सात नंबर परत जोडला. मिनिटभर दोघी स्क्रीनसमोर उभ्या. मग गल्ली रिकामी, पायरीवर पावलं, खिडकीत दिवा.

मावशींनी झाडू उचलला. "गेली बाई. आता करा बंद."