खुराड्याच्या किल्लीची व्यवस्था

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कोंबड्या पाळणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने करून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला गुरांच्या डॉक्टरांनी दिला आहे. ते मला चाळीस वर्षं ओळखतात, तेव्हा तो चालवून घ्यावा.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. त्याची अंडी उबवायची विजेची पेटीही त्यालाच लखलाभ. पेटी वाईट नाही, पण घार आली की ती पिल्लांना पंखाखाली घेत नाही.

२. धाकट्या दिरांनी नऊ वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून नेलेलं, कोंबड्या झाकायचं डालगं त्यांनाच दिलं. मागून मागून माझी जीभ झिजली.

३. खुराडं, तेवीस कोंबड्या, दोन कोंबडे आणि खुराड्याची किल्ली माझ्या पश्चात सुनेला. मुलाने त्यात नाक खुपसू नये.

याचं कारण लिहिणं भाग आहे. सून घरात आली त्याच वर्षी मी खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली. बदकं मी कधी पाळली नव्हती. सून म्हणाली, "आई, यांना अठ्ठावीस दिवस लागतात." मी म्हटलं, "काल आलीस आणि मला शिकवतेस?" कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात, तोच हिशोब धरून बाविसाव्या दिवशी, अंडी नासली म्हणून, मी ती उकिरड्यावर फेकली. फुटलेल्या अंड्यात पिल्लू हलत होतं. तरी मी गावभर सांगितलं की सुनेनं कोंबडी उठवली, अंडी गार पडली. त्यानंतर तिनं अकरा वर्षं खुराड्यात पाऊल टाकलं नाही. चूक माझी होती. मला तिची माफी हवी आहे, आणि माझ्यामागे कोंबड्या तिच्याच हाताखाली नांदाव्यात.

फेरफार : हे लिहून घेणारे मास्तर वरचा मजकूर वाचून दाखवत असताना सून दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, तुम्ही गेल्यावर किल्ली घेऊन काय करू? अडलं तर विचारू कोणाला?"

सबब कलम तीनमधले 'माझ्या पश्चात' हे शब्द रद्द समजावेत. किल्ली आत्ताच तिच्या हातात दिली. उद्या काळी कोंबडी अंड्यांवर बसवायची आहे. अंडी सून निवडेल. मी टोपली धरीन, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

सही : लिहून ठेवणार (फेरफारावरही सही केली आहे)
साक्षीदार : १. मास्तर २. गुरांचे डॉक्टर
ठिकाण : राहत्या घराची पडवी
दिनांक : ४ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ