मामाजींना समुद्र दाखवायचा

५ जानेवारी २०१४, गोरेगाव

नवऱ्याशी पुन्हा तेच भांडण. वीरेंद्र म्हणतो, "अर्धं अंग गेलेल्या माणसाले कोकणात नेऊन काय फायदा? घरामागं तलाव आहे ना!" मामाजी खाटेवरून ऐकत होते. सासरे आहेत, पण मला लेकीसारखं वागवलं. लकवा मारल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काही मागितलंय — समुद्र पाहायचा. तिकिटं काढलीत मी, राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही बिघडलं तर माझ्याच माथी येणार, ठाऊक आहे.

८ जानेवारी, गुहागर

पोचलो एकदाचे. उतरलोय त्या घराला पायऱ्या नाहीत, चाकाची खुर्ची सरळ आत जाते. वाळूपर्यंतही फरशीची वाट. मामाजींनी घावणे खाल्ले, सोलकढी मागून घेतली! वीरेंद्र "आंबट पाणी" म्हणाला आणि दुसरा पेला भरून घेतला.

९ जानेवारी



दुपारी मामाजी म्हणाले, "पायाले पाणी लागू दे." ओल्या वाळूत खुर्ची नेली, ब्रेक लावला. "तुमी जेवून या. मी पाहून राहतो." खानावळ सुरूच्या झाडांमागे. आम्ही तलावाकाठची माणसं — आमचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं. जेवणं होईपर्यंत चढताना कोणी पाहिलंय? बांगडा छान होता, मी आणखी एक मागवला.

परत आलो तर लाटा मामाजींच्या छातीशी. चाकं रुतलेली. दोन कोळी धावले, खुर्चीसकट उचलून आणलं. "भरतीची वेळ विचारायची ना, ताई," एवढंच म्हणाले.

वीरेंद्र सगळ्यांदेखत ओरडला, "माह्या बापाले मारायले आणलं काय?"



१० जानेवारी, गाडीत

मामाजींना ताप. खिडकीकडे तोंड करून पडलेत.

१४ जानेवारी, गोरेगाव

ताप उतरला. पण वीरेंद्र मला त्यांच्या खाटेजवळ जाऊ देत नाही. औषध, जेवण, सगळं स्वतः करतो. नंदाबाई शेजारीण दारात वीरेंद्रला विचारत होती, "सुनेनं पाण्यात सोडलं म्हणते?" गावभर झालं तर. मला रडूही येत नाही, नुसती चीड येते — स्वतःचीच.

१५ जानेवारी

वीरेंद्र बाजारात गेला तेव्हा मामाजींनी बोलावलं. म्हणाले, "तुयी चूक नाही, कुंदा. जिंदगीभर तलाव राखला मी. पाणी चढून राहिलं, ते मले तवाच समजलं. हाक मारता येत होती. नाही मारली."

हे वीरेंद्रला सांगितलं तर मी सुटते.

नाही सांगणार.