आई, उपास सोड

शिर्डी

आई, तुझ्या पायावर चांगुणाचं डोकं.

फोनवर मी वरडते अन् तू रडतीस, म्हणून लिहिते. वहिनीच्या संस्कृतीकडून वाचून घे. मी बरी हाय. हाराच्या दुकानात बसून काम असतं, गुडघ्याला आराम पडतो. शेळी व्याली का?

सविता वहिनी म्हणाली, यंदा नवरात्रात तू नुसत्या पाण्यावर हायेस. चांगुणानं परत घट बसवावा म्हणून. तुला साखरेचं दुखणं, वर उपाशीपोटी गोळ्या. डोकं फिरलं का तुझं?

खरं तेच सांगते. ह्यांच्या आजारात मी देवीचं काय कमी केलं? तरी ते गेलेच. तवापासून हात जोडले की रागच येतो. इथं दिवसभर देवाचे हार ओवते, पर त्याच्याशी एक शब्द बोलत न्हाई.

घट मातर लई आठवतो. आपल्या रानातली काळी माती तू पत्रावळीवर पसरायचीस, मी गहू टाकायचे. कोंब आला का म्हणून मी रोज माती उकरायचे अन् तू पाठीत धपाटा घालायचीस. "अगं, येऊ दे की त्याला त्याच्या मनानं!" दसऱ्याला तेच कोंब माझ्या वेणीत खोवायचीस.

भांडण माझं अन् देवीचं हाय. आमी दोघी बघून घेऊ. तू मधी पडू नको.

आपल्या गावच्या भीमाच्या टेम्पोबरोबर पत्र धाडलंय, सांजच्याला मिळंल. लगीच भाकरी खा अन् वहिनीला फोन करायला लाव. तवर मीपन जेवनार न्हाई.

तुझी तापट लेक,
चांगुणा