पटवारीच्या मरणाचे आभार

अल्लीपूर
ता. २१ ऑगस्ट २०२४

चि. बाबाराव यास पंचफुलाताईचा जयभीम व अ. आ., वि. वि.

पत्राचं कारण की आपला कुत्रा पटवारी रविवारी सकाळी गेला. चौदा वर्षं खाल्लं, भुंकला, अर्ध्या गावाच्या पोटऱ्या मोजल्या अन् गेला. फोन केला नाई. मले ऐकू येत नाई म्हणून तू असा ओरडतं की सेलूतून फोनाबिगरच आवाज यावा.

गावात वेगळीच गंमत झाली. शेजारच्या सुमित्राबाईनं पटवारी गेला म्हणून सांगतलं, तं चार माणसं हार घेऊन खऱ्या पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, घरी पोहोचले. तो अंगणात दाढी करून राह्यलता. आता माह्यावर रागावून हाय. मी म्हटलं, नाव माह्या मालकानं ठेवलं. कुत्रं दिसन त्या वावरात शिरे, धुऱ्या-बांधावर पाय वर करे अन् खाल्ल्याबिगर हले नाई, म्हणून ठेवलं. तुमची काय तक्रार असन ते मालकाले सांगा. मालक जाऊन चार वर्षं झाले, हे त्याले माहीत हाय, म्हणून गपचूप गेला.

आता कामाचं. ढोराच्या दवाखान्यात मयुरी उईके नावाची डॉक्टरीण हाय. पंधरा ऑगस्टले झेंडा झाल्यावर ती पटवारीले पाहाले घरी आली. म्हणे, काकू, याचे दोन्ही गुर्दे गेले, आता बरा होणार नाई, लय दुखून राह्यलं त्याले, झोपेचं इंजेक्शन देऊन सोडवलेलं बरं. माहं डोकं फिरलं. चारचौघांत तिले म्हटलं, ढोरं मारून जीव भरला नाई का, आता कुत्रं मारतं? अन् तिची पेटी उचलून रस्त्यावर ठेवून देल्ली. ती वाकली, पेटी पुसली अन् गेली.

शनिवारी पटवारीले पाण्यापर्यंत जाता येईना. तिथंच पडून कण्हे. मीच निरोप धाडला. रविवारी सकाळी सात वाजता ती आपल्या गाडीवर आली. गुरुवारचा एक शब्द काढला नाई. तिनं त्याले सोडवलं. वावरात बोरीखाली पुरला.

तिचे आभार मानायचे हायत, मले जमत नाई. तू साऱ्या तालुक्याचे अर्ज लिहिले, तं बहिणीसाठी दोन ओळी लिहून पाठव. मी खाली सही करीन. पेटीचं मात्र लिहू नको.

तब्येतीले जपजो. बहिणीवर जीव असू दे.
तुही ताई,
पंचफुला

---

सेलू
ता. २६ ऑगस्ट २०२४

ती. ताईस बाबारावचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझे पत्र पावले. पटवारीच्या निधनाने माझ्या उजव्या पोटरीस विशेष दुःख झाले. तिच्यावर त्याची चार दातांची सही आहे व ती माझ्यासोबतच जाईल.

तुझे काम केले. मात्र ताई, तीस वर्षे तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज लिहिलेल्या माणसाकडे दोन ओळी मागणे म्हणजे हलवायाकडे चिमूटभर साखर मागणे झाले. मी दोन पाने लिहिली. विषय असा घातला : आमचे श्वान कालकथित पटवारी यांस सन्मानपूर्वक मरण दिल्याबाबत आभार. मजकुरातील एक वाक्य तुझ्या माहितीसाठी उतरवतो : "सदर डॉक्टर महोदयांनी दवाखान्यास तत्काळ कुलूप लावून, रांगेतील बावीस जनावरे बाजूस सारून, शासकीय वेळेची यत्किंचितही पर्वा न करता आमच्या श्वानाकडे धाव घेतली."

रविवार होता हे तू कळवले होतेस. पण सुट्टीच्या दिवशी केलेल्या उपकाराला कागदावर वजन येत नाही. म्हणून सोमवार केला. तुझ्या सहीसाठी थांबलो नाही, प्रत्यक्षदर्शी म्हणून मीच सही केली. पत्र डॉक्टरबाईंना न पाठवता थेट त्यांच्या वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने पाठवले व त्यांच्याही वरिष्ठांना प्रत जोडली. बाईंची बढती पक्की समज.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. भाऊजी गेले त्या दिवशी मी तुझ्या ओसरीत बसलो होतो. पटवारी आला, माझ्या पायांवर डोके ठेवून दुपारभर पडून राहिला. त्या दिवशी चावला नाही. मी पाय हलवला नाही, दोन्ही पायांना मुंग्या आल्या तरी.

असो. जेवत जा. धाकट्यावर माया कमी करू नये.
तुझा,
बाबाराव नगराळे

---

अल्लीपूर
ता. १४ सप्टेंबर २०२४

चि. बाबाराव यास जयभीम. आशीर्वाद या पत्रात नाई.

तुह्या लेखणीनं काय केलं ते वाच. काल शेळी घेऊन दवाखान्यात गेलती. तिथं जनावरं धरणारा चंद्रभान मले पाहून म्हणे, काकू, शिव्या देल्या तेव्हा मॅडमले काही झालं नाई, तुमच्या आभारानं मात्र घात केला. वरून मॅडमले कागद आला हाय. कामाच्या वेळी दवाखान्याले कुलूप काऊन लावलं, बावीस जनावरं काऊन ताटकळत ठेवली, घरगुती कुत्र्यासाठी सरकारी वेळ काऊन घातला, आठ दिवसांत खुलासा द्या. सोबत तुह्या पत्राची झेरॉक्स.

तिनं लिहून देल्लं की रविवार होता. पण तू तं प्रत्यक्षदर्शी! अरे, त्या दिवशी तुले हगवण लागलती अन् तू सेलूत लोटा धरून होता. तुह्या बायकोनंच मले सांगतलं. तिथून काय पाह्यलं तू?

बढतीच्या यादीत तिचं नाव होतं म्हणे. आता हे निपटेपर्यंत अडकलं. आत गेली तं डॉक्टरीण शेळीचं पोट दाबून पाहत होती. मी विचारलं, तं म्हणे, काकू, कागद येत राहतात, तुम्ही शेळीले कोवळी ज्वारी चारू नका. बस, एवढंच. बाबाराव, तिनं चार शिव्या देल्या असत्या तं मले घरी येऊन दोन घास तरी गेले असते.

शुक्रवारी मी वर्ध्याले तिच्या साहेबाले भेटाले चालली. पत्र माहं मी लिहीन. तू एक अक्षर लिहायचं नाई.

पंचफुला

---

सेलू
ता. १७ सप्टेंबर २०२४

ती. ताईस जयभीम.

मी चुकलो. हे दोन शब्द लिहायला तीन कागद फाडले. पहिल्या कागदावर चुकीची सात कारणे झाली होती, दुसऱ्यावर चार.

शुद्धिपत्रकाचा एक उत्तम मसुदा डोक्यात आहे. तो डोक्यातच ठेवतो. शुक्रवारी दहा वाजता वर्ध्याच्या बसस्थानकावर उभा राहीन. तू बोल. मी खोटे लिहिले एवढेच सांगून सही करीन व बाहेर बसेन.

रागात असलीस तरी डबा दोघांचा आण.
बाबाराव

---

अल्लीपूर
ता. २० सप्टेंबर २०२४

मोठे साहेब यांस पंचफुला थूलचा जयभीम, वि. वि.

मले कमी ऐकू येते. तुम्ही विचारान ते मले समजणार नाई, म्हणून लिहूनच आणलं. सोबत जो माणूस मान खाली घालून उभा हाय तो माहा भाऊ. ते पत्र त्याचं. त्यातलं कुत्रं खरं हाय, मरण खरं हाय, बाकी सारं त्याचं हाय.

डॉक्टरीणबाई माह्या घरी दोनदा आल्या. एकदा पंधरा ऑगस्टले अन् एकदा रविवारी, अठरा तारखेले. तुमच्या मागं भिंतीवर कॅलेंडर असन तं पाहून घ्या. दोन्ही दिवस तुम्ही बी घरीच असान. दवाखाना बंद होता, कुलूप सरकारनंच लावलं होतं. बावीस जनावरं आमच्या वस्तीत मोजून बी भरत नाईत.

भावाले मी एक गोष्ट लिहू देल्ली नाई, ती आता मीच लिहितो. पंधरा ऑगस्टले मी बाईले वाईट बोलली, त्यायची पेटी रस्त्यावर ठेवली. चूक त्यायची नव्हती. कुत्रं माह्या मालकाच्या हातचं होतं. ते जाईन तं मालकाले हाक मारल्यावर कान टवकारणारं घरात कोणी राहणार नाई, म्हणून मी त्याले दुखत असून धरून ठेवलं.

रविवारी बाई जमिनीवर बसल्या, पटवारीचं डोकं माह्या मांडीवर ठेवू देल्लं. दुसरी सुई भरता भरता मले विचारू लागल्या की याचं नाव पटवारी काऊन. मी ते सांगतलं, मग फित्याची गोष्ट सांगू लागली. एकदा खरा पटवारी मोजणीले आला, तं यानं त्याचा मोजायचा फीता पळवला. पुढं कुत्रं, मागं पटवारी, त्याच्या मागं आमचे मालक, अन् फीता साऱ्या गावातून. पटवारी ओरडे पटवारी, पटवारी, अन् लोकायले समजे ना कोण कोणाले ओरडून राह्यलं. सांगता सांगता मले हसू आलं. असं आलं की आवरे ना. हसणं थांबलं तेव्हा बाई म्हणाल्या, काकू, झालं.

साहेब, मी हसत होती अन् तो गेला. महिना झाला, अजून डोळ्यातून पाणी येत नाई. पण त्यात बाईचा दोष नाई, तो माहा हाय. सजा द्यायची तं भावाले द्या, तो सही कराले तयार हाय. बाईचं नाव साफ करा.

म्हातारीवर राग नसावा.
पंचफुला थूल

---

दवाखान्यातून
ता. ४ ऑक्टोबर २०२४

ती. पंचफुलाकाकूंना मयुरीचा जयभीम, आणि आमच्या गोंडांकडचा जय सेवा. वि. वि.

खुलाशाचा कागद मागे घेतला, आज पत्र आले. बढतीच्या यादीत नावही कायम आहे. साहेबांनी तुमचे पत्र मला वाचायला दिले. ते म्हणाले, म्हातारीने लिहिले तसे मागे वळून भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले, अठरा तारीख लालच होती. तुमच्या भावाला बाहेर बाकावर पाहून त्यांनी चहा पाठवला होता. भावाने आधी विचारले म्हणे, चहा घ्यायला मंजुरी लागते का.

तुम्ही फोनवर बोलत नाही, म्हणून हे लिहूनच कळवते. एरवी मी औषधाच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहीत नाही.

नावाचे मी मुद्दाम विचारले होते. त्याचे नाव कसे पडले ते मला आधीच माहीत होते, चंद्रभानने सांगितले होते. पहिल्या इंजेक्शनने जनावराला गुंगी येते, पण कान बराच वेळ जागा असतो. तुमचा आवाज त्याला येत नव्हता. तो मान उचलून तुमच्याकडे बघायचा प्रयत्न करत होता. तुम्ही बोलू लागल्यावर त्याने मान टाकली. तुम्ही हसलात तेव्हा त्याची शेपटी जमिनीवर दोनदा आपटली. हसताना तुमचे डोळे मिटले होते, म्हणून तुम्हाला दिसले नाही. मी बघत होते. त्यानंतर मी दुसरे इंजेक्शन दिले.

सहा वर्षांत मी बरीच जनावरे जाताना पाहिली. मालकाच्या हसण्याला शेपटी हलवून गेलेले हे एकच.

पेटीचा राग धरू नका, म्हणजे स्वतःवर. गेल्या वर्षी एका म्हशीच्या मालकाने माझ्या अंगावर शेणाची पाटी फेकली होती. तुम्ही पेटी निदान सरळ ठेवली, आतली एक बाटली फुटली नाही.

शेळीचे कळवा. ओळख ठेवा.
तुमची,
मयुरी उईके

---

अल्लीपूर
ता. ९ ऑक्टोबर २०२४

चि. बाबाराव यास ताईचा जयभीम व पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

डॉक्टरीणीचं पत्र सोमवारी आलं. सोबत उतरवून पाठवून राह्यली, हळू वाचजो. मी ओसरीत बसून वाचलं, शेपटीपर्यंत आली, अन् मग असं भोकाड पसरलं की सुमित्राबाई पिठाच्या हातानं धावत आली. विचारे, काय झालं, कोण गेलं? म्हटलं, पटवारी. ती म्हणे, अवं, त्याले तं दोन महिने होत आले. म्हटलं, हो, मले आज समजलं. मग ती बी बसली रडत. तिचं काही गेलं नव्हतं, पण पीठ मात्र सारं डोळ्यात गेलं.

काल दवाखान्यात गेली. आभाराचं काम तुह्यावर सोडून पाह्यलं, आता माहं मीच करीन म्हटलं. बाहेर आठ-दहा लोक गायी घेऊन उभे होते. डॉक्टरीणीचा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत, त्याच्यानं तिले कुठं पळता येत नव्हतं. बरं झालं. मी समोर उभी राह्यली अन् मोठ्यानं सांगतलं, पोरी, त्या दिवशी मी तुले चारचौघांत वाईट बोलली, तं आज चारचौघांतच सांगतो, तू माह्या पटवारीले अन् मले, दोघायलेबी सोडवलं. तुहे उपकार हायत.

गायीनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं. डॉक्टरीण लाल झाली, म्हणे, काकू, हळू, मले ऐकू येते. मी म्हटलं, तुले येते, पण मले येत नाई ना. मी खरंच म्हटलं का मनातल्या मनातच म्हटलं, मले कसं समजन? म्हणून अजून एकदा सांगतलं, आधीपेक्षा मोठ्यानं.

तुह्या पोटरीले जपजो. जीव लावून राह्यजो.
तुही ताई,
पंचफुला